हारलेल्यानं घरी जायचं

जगन्नाथरावांनी माझ्याकडून आयुष्यात दोनच अर्ज लिहून घेतले. पहिला मंजूर झाला. दुसऱ्याचे पुढे काय झाले ते सांगण्यासाठी मी हे लिहावयास बसलो आहे. कारण ते पूर्णपणे ठाऊक असलेली माणसे दोनच, एक मी आणि दुसरे स्वतः जगन्नाथराव, आणि जगन्नाथराव ते कोणाला सांगणार नाहीत याची मला खात्री आहे.

इंदापूरच्या तहसील कचेरीसमोर टेबल टाकून मी गेली सव्वीस वर्षे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत. परंतु माझ्या हातचा मसुदा त्रुटी काढून परत आला, असे कचेरीतला कोणताही मनुष्य म्हणणार नाही. वारसनोंद, अडवलेला रस्ता, शिधापत्रिकेतून गळालेले नाव, अशा कामी आलेला मनुष्य समोरच्या बाकावर बसला की त्याला काय हवे आहे आणि त्याला काय मिळू शकते, हे मला पाच मिनिटांत कळते. या दोहोंमधील अंतर भाषेने भरून काढणे, हा माझा व्यवसाय.

जगन्नाथरावांचे टायरचे दुकान सोलापूर रस्त्याला लागून. गाव त्यांना जगूतात्या म्हणत असे. बुटके, रुंद, मान जवळजवळ नाहीच. उजव्या अंगठ्याचे नख कायमचे काळे पडलेले. अंगाला पंक्चरच्या सोल्युशनचा असा वास, की ते माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले तरी मला वळून पाहावे लागत नसे. मला ते पहिल्या दिवसापासून "वकीलसाहेब" म्हणत. त्यात थट्टा किती आणि मान किती, हे मी कधी तपासले नाही. मला ते आवडत असे.

या माणसाने फुटबॉल काढावा, हे कोणालाच पटण्यासारखे नव्हते. आमच्याकडे पोरे कुस्ती करतात, कबड्डी खेळतात, अलीकडे गल्लोगल्ली क्रिकेट. पण फार वर्षांपूर्वी एका हायस्कूलचे क्रीडाशिक्षक हवा गळणारा फुटबॉल घेऊन तात्यांच्या दुकानी आले. तात्यांनी ब्लॅडर काढले, पाण्यात बुडवले, ठिगळ लावले आणि खात्री करावी म्हणून रस्त्यावरच्या चार मुलांपुढे तो टाकला. त्यानंतर सूर्य मावळेपर्यंत त्यांनी दुकानाकडे पाहिले नाही. हे त्यांनीच मला सांगितले.

"वकीलसाहेब, ट्रकचं टायर नीट केलं की ते निघून जातं. सोलापूर म्हणू नका, हैदराबाद म्हणू नका. आपल्याला त्याचं पुढं काय झालं ते कळतच न्हाय. ह्ये पयलं टायर, जे नीट केल्यावर माझ्यापुढंच पळत ऱ्हायलं."

स्वतः त्यांनी चेंडूला कधी पाय लावला नाही. "माझा पाय जड हाय," एवढेच कारण. पण चेंडू हातात घेऊन काळ्या नखाचा अंगठा दाबला की तो ओल्या मैदानावर किती उसळेल, कोरड्यावर किती, हे ते सांगत. संघ उभा राहिला तोही असाच, दुकानी येणाऱ्याजाणाऱ्यांतून. कर्णधार संतोष हा गवंडी. दोघे टेम्पोचालक, एक औषधाच्या दुकानातला, एक डेअरीत दूध मोजणारा. आणि गोलकीपर महादेव, सव्वीस वर्षांचा, लग्न होऊन वर्ष झालेला, लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत ठेकेदारामार्फत माल चढवण्याच्या कामावर.

त्यांचे शिकवणे पाहिले तर शिकवणे वाटत नसे. सामना चालू असताना ते एक शब्द बोलत नसत आणि आपल्या माणसांत न थांबता विरुद्ध संघाच्या समर्थकांत जाऊन उभे राहत. मी कारण विचारले. "आपली मान्सं आपल्याला खोटं सांगत्यात. चांगलं खेळलं म्हनत्यात. तिकडं खरं ऐकू येतं." चुकलेल्या खेळाडूला शिवी नाही, सल्ला नाही, सामना संपल्यावर त्याच्याजवळ जाऊन एवढेच विचारायचे, "जेवलास का?" ज्याला ते हे विचारीत त्याचा चेहरा पाहण्यासारखा होई. संतोष म्हणे, "तात्या, कानाखाली मारा, पर जेवनाचं इचारू नका."

पेनल्टी ते पाहत नसत. पाठ फिरवून प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहत आणि लोकांच्या चेहऱ्यांवरून निकाल वाचीत.

बारामतीला दर हिवाळ्यात फुटबॉलचा चषक होतो. बाद फेरीची स्पर्धा, सोळा संघ. तात्यांना लीग पद्धत मान्य नव्हती. गुण, सरासरी, अमका हरला तर तमका वर, हे त्यांना लबाडीचे वाटे. आमच्या चहाच्या वेळी यावर आमचे वाद होत.

"हारलेल्यानं घरी जायचं. ह्याच्याइतका सरळ कायदा मी कुठं बघितला न्हाय," ते म्हणत. "तुमच्या कचेरीत हारलेला मानूस घरी जातो का कधी? परांतकडं जातो, कलेक्टरकडं जातो, हायकोर्टाला जातो. मरस्तोवर घरी जातच न्हाय बिचारा."

"अपील हा नागरिकाचा हक्क आहे, जगन्नाथराव."

"आसंल. पर त्यानं जेवान गोड लागत न्हाय."

माझा प्रपंच ज्या माणसांवर चालतो ती सर्व घरी न गेलेलीच माणसे आहेत.

ज्या हंगामाची ही हकीकत आहे, त्या हंगामात तात्यांना चषकाहून मोठे काहीतरी हवे होते. संघ सराव करी ती जागा महामार्गालगतची दोन एकर पडीक जमीन, मालक हणमंतआबा. आबांनी ती पंधरा वर्षे फुकट वापरू दिली होती. त्या वर्षी एक ट्रान्सपोर्टवाला ट्रक उभे करण्यासाठी ती भाड्याने मागू लागला. तात्या आबांकडे गेले तेव्हा मी हजर होतो. आबांच्या सातबाऱ्यावरील दुरुस्तीच्या अर्जासाठी मला बोलावणे होते.

आबा खाटेवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. म्हणाले, "तात्या, मला काय पोरांचं वावडं न्हाय. पर पंध्रा वर्सं खेळताय, एक तरी कागद हाय का, की हितं खेळनारं कुठं पोचलं म्हनून? माझी पोरं मला रोज बोलत्यात. त्यास्नी काय सांगू?"

"काय केलं म्हंजी सांगता यील, आबा?"

आबांनी सुपारी तोंडात टाकली. "औंदा फायनलला जावा. जिंका, हारा, ते तुमचं तुमी बगा. फायनलला गेलात तर पाच वर्सं ही जमीन कुनाला देत न्हाय. माझा शबुद. न्हाय गेलात तर मग मला अडवू नका."

"न्हाय अडवनार," तात्या म्हणाले.

बाहेर पडल्यावर मी त्यांना म्हणालो, हे लेखी करून घ्या. ते हसले. "आबांचा शबुद हाय. त्याला तुमी कागद लावला तर त्यो इटंल."

पहिला अर्ज प्रवेशाचा. तो मी दोन तासांत केला. खेळाडूंची यादी, आधारच्या प्रती, नमुना अ, नमुना ब. समितीची नियमांची छापील पुस्तिका त्याच वेळी माझ्याकडे आली. ती मी चाळली. येथे हे नमूद करणे भाग आहे की मी ती चाळली, वाचली नाही.

पहिल्या फेरीत आमची गाठ लोणी देवकरच्याच एका कंपनीच्या संघाशी पडली, आणि ती महादेव काम करीत असे तीच कंपनी होती. त्यांची वातानुकूलित बस आली. एकसारखे बूट, औषधांची पेटी वाहणारा स्वतंत्र मनुष्य, पाठीवर नावे. आमचा संघ डेअरीच्या टेम्पोतून आला होता आणि सर्वांच्या अंगाला दुधाचा आंबूस वास येत होता. सामन्याआधी महादेव त्यांच्यातील एका अधिकाऱ्यापुढे जाऊन म्हणाला, "नमस्कार, साहेब." दोन वर्षे महादेव याच साहेबांच्या डोळ्यांदेखत खोकी चढवीत होता.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिले. "कुठला रे तू?"

"इंदापूरचा, साहेब."

"बरं बरं. चांगलं खेळा."

महादेव परत आला. संतोषने विचारले, "वळखलं का रं?" महादेव म्हणाला, "तितं तोंडाला मास्क आसतो आमच्या." आम्ही तो सामना दोन विरुद्ध एक जिंकला. महादेवने अडवलेला शेवटचा फटका मला अद्याप दिसतो. माल फेकताना खाली पडणारे खोके धरावे तसा त्याने तो पोटाशी धरला.

दुसऱ्या सामन्याची गोष्ट मात्र तात्यांना ओळखण्यासाठी सांगितलीच पाहिजे. विरुद्ध संघ नीरेकडचा. साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात, आणि माळेगाव बुद्रुकजवळ त्यांची गाडी उसाच्या बैलगाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या रांगेत अडकली. अर्ध्या तासात संघ न आल्यास तो बाद आणि दुसऱ्याला पुढे चाल, असा नियम. मी घड्याळ पाहून तात्यांचे अभिनंदन केले. ते पंचांकडे गेले.

"साहेब, चेंडूत हवा न्हाय."

पंचांनी दाबून पाहिला. "अहो, आत्ता तर घट्ट होता!"

"टायर पन आसंच आसतंय, साहेब. आत्ता घट्ट, आत्ता बसलं."

दुसरा चेंडू आणला. तोही मऊ. तिसरा नव्हताच. चेंडूशिवाय सामन्याची वेळ सुरू झाली असे म्हणता येईना. पंप तात्यांचाच, तो टेम्पोत होता, टेम्पोची किल्ली चालकाकडे होती, आणि चालक चहाला गेला होता, कोणत्या टपरीवर ते कोणाला ठाऊक नव्हते. तात्या फार काळजीच्या चेहऱ्याने तीन टपऱ्या फिरून आले. चाळीस मिनिटांनी नीरेची मुले उसाच्या गाड्यांमधून पळत, बूट हातात घेऊन मैदानावर आली. तेव्हा पंप सापडला, आणि दोन्ही चेंडू एका मिनिटात भरले.

मी संतापलो होतो. नियमाने मिळालेला विजय त्यांनी हाताने घालवला होता, आणि त्यासोबत जमिनीची बाजीही लावली होती.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "जो आलाच न्हाय त्याला घरी जा कसं म्हनायचं? त्यो आधी यायला नगो का?"

सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्ट्यांवर गेला. तात्या पाठ फिरवून नीरेच्या लोकांकडे पाहत उभे. महादेवने दोन अडवल्या. नीरेच्या एका म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला, आणि तात्यांना कळले की आपण उपांत्य फेरीत गेलो. ते त्या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसले. काय बोलले ते मला ऐकू आले नाही.

आता आबांच्या शब्दापर्यंत एकच सामना उरला होता. समितीने तो गुरुवारी ठेवला. महादेवची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, आणि ठेकेदाराने सांगितले होते की गुरुवारी खाडा केलास तर शनिवारी येऊ नकोस. समोरचा संघ बारामतीचाच. त्यांना शुक्रवार चालत होता, तसे त्यांच्या कर्णधाराने फोनवर कळवलेही होते. समितीचे चिटणीस, एक निवृत्त शिक्षक, म्हणाले होते, लेखी द्या म्हणजे झाले.

तात्या माझ्या टेबलाशी आले. "दोन वळी लिवा. आमचा गोलकीपर गुरवारी कामावर हाय, सामना शुक्रवारी घ्या, समोरच्याची हरकत न्हाय. संपलं."

"जगन्नाथराव, दोन ओळींना चिठ्ठी म्हणतात, अर्ज नाही. तो कामावर आहे याला पुरावा काय?"

"त्यो सांगतोय की."

"तोंडी सांगण्याला आधार नसतो."

"आवो, ही कचेरी न्हाय. फुटबॉल हाय."

"शिक्क्याचा कागद सगळीकडे चालतो," मी म्हणालो. हे वाक्य मी आजवर शेकडो माणसांना ऐकवले असेल.

महादेव ठेकेदाराची चिठ्ठी घेऊन आला. साधा कागद, खाली वेडीवाकडी सही. मी ती परत केली. ठेकेदाराला कोण विचारतो? कंपनीच्या गेट ऑफिसमधून, कंपनीच्या छापील कागदावर, गोल शिक्क्यासह दाखला आण, असे मी त्याला बजावले. तो दोन दिवस कामाच्या आधी आणि नंतर गेटवर उभा राहिला आणि शेवटी एका कारकुनाला त्याची दया आली. दाखला घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलेला होता.

"काका, बगा तर. 'आमच्या कंपनीत कार्यरत' लिवलंय." दोन वर्षांत कंपनीने त्याला ओळखपत्र दिले नव्हते, दिवाळीला इतरांना मिळतो तो मिठाईचा पुडाही दिला नव्हता. त्याने त्या कागदाचा फोटो काढून बायकोला पाठवला. माझ्यासमोरच पाठवला.

मी दीड पानांचा अर्ज केला. सोबत जोडलेल्या कागदांत पहिला क्रमांक त्या दाखल्याचा. सहीसाठी तात्यांपुढे ठेवला तेव्हा त्यांनी अर्ज वाचला नाही; दाखलाच उचलला आणि अंगठा त्या शिक्क्यावर ठेवून बराच वेळ उभे राहिले.

"ह्यो लावायलाच पायजे का?"

"याच्यावरच तर अर्ज उभा आहे."

"न्हाय, म्हंजी... कंपनीचा सोताचा संघ हुता ना पयल्या फेरीत. कंपनी ह्याला आपला मानूस म्हनत न्हाय, म्हनून मी पन कदी म्हनलं न्हाय."

मला त्यांचे म्हणणे समजले नाही. कागदाच्या कामात टायरवाल्याचे ऐकायचे नसते, असे मी मनात म्हणालो, आणि बोट ठेवून सहीची जागा दाखवली. त्यांनी सही केली.

तिसऱ्या दिवशी समितीचे पत्र आम्हा दोघांच्याही मोबाइलवर आले. चिटणीस सज्जन गृहस्थ. त्यांनी माझा अर्ज शेवटच्या कागदापर्यंत वाचला होता. असा अर्ज वाचणारा मनुष्य मला आयुष्यात क्वचितच भेटला. नियम असा होता की ज्या कंपनीचा स्वतःचा संघ स्पर्धेत उतरला आहे तिच्या कामगाराला दुसऱ्या संघाकडून खेळायचे तर तिची लेखी संमती हवी; संमती नसल्यास तो ज्या संघाकडून खेळला तो संघ बाद. पुस्तिकेच्या अकराव्या पानावर हा नियम होता. मी तो त्या संध्याकाळी वाचला. महादेव कंपनीचा कामगार आहे, हे जगात कोणीच म्हणत नव्हते. ते मी शिक्क्यासह सिद्ध करून दिले होते.

तात्या दुसऱ्या दिवशी सकाळी आले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "ह्यात चूक कुनाची लिवलीय?"

"कोणाचीच नाही. फक्त नियम लिहिला आहे."

"मग बरं."

मी अपिलाचा मसुदा तयार ठेवला होता. चार पाने. ठेकेदाराचा मजूर हा कंपनीचा कामगार ठरत नाही, या मुद्द्यावर मी रात्रभर खपलो होतो. आणि तो मुद्दा खरा होता, बळकट होता, असे मी आजही म्हणेन. तात्यांनी पानांना हात लावला नाही.

"ह्यात लिवायचं काय, की ह्यो पोरगा कंपनीचा कुनी न्हाय?"

"होय. त्याशिवाय मार्ग नाही."

"आन सही त्याची घ्यायची?"

मी पाने टेबलावर सारखी केली.

"त्यानं फोटो पाठवलाय बायकूला," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."

"जगन्नाथराव, तुम्ही हरलेला नाहीत. तुम्हाला हरवलेले नाही कोणी."

"त्येच तर. हारलो आसतो तर घरी गेलो आसतो. झोप तरी लागली आसती." मग ते मला म्हणाले, आणि यात थट्टा अजिबात नव्हती, "तुमी जिवाला लावून घेऊ नका, वकीलसाहेब."

त्या संध्याकाळी मैदानावर संघ जमला. मीही गेलो होतो. काय झाले ते मी स्वतः सांगेन, असे ठरवून गेलो होतो. मुले वर्तुळ करून उभी होती. महादेव नव्हता. त्या दिवशी सकाळी त्याला गेटवरच परत पाठवण्यात आले होते; पत्राची प्रत कंपनीलाही गेल्याने आपल्याच मजुराने आपल्याला हरवले हे तेथे कळले, आणि कोणीतरी ठेकेदाराला फोन केला.

संतोषने विचारले, "तात्या, तुमी दोन वळींचा अर्ज द्यायला गेला हुता. त्यो कागद जोडला कुनी?"

मी त्यांच्यापासून सहा पावलांवर होतो. माझ्या तोंडात वाक्य तयार होते. माझी वाक्ये नेहमीच तयार असतात.

"मी जोडला," तात्या म्हणाले.

"का?"

"मला वाटलं, शिक्का आसंल तर बरं."

संतोष म्हणाला, "तात्या, जलमभर हवा भरली तुमी. आन शेवटाला काढली बी तुमीच."

"व्हय," तात्या म्हणाले.

मुले एकेक करून निघून गेली. डेअरीतला मुलगा जाताना तात्यांच्या पाया पडला. दुसरे कोणी थांबले नाही. मी माझी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तात्या माझ्याकडे वळून पाहतील असे मला वाटत होते, आणि पाहू नये असेही वाटत होते. त्यांनी पाहिले नाही. ते गोलाचे दोन्ही बांबू हलवून ते घट्ट आहेत का हे पाहत होते, जणू दुसऱ्या दिवशी सराव असावा.

आबांकडे ते एकटेच गेले. आबांची मला कीव करावीशी वाटते. त्यांनी शब्द मोडला नाही. नंतर त्यांनीच मला सांगितले. तात्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आबा, फायनलला न्हाय गेलो. आता अडवत न्हाय." आबांनी बसा म्हटले, चहा सांगितला. तात्या चहा पिऊन निघून गेले. आबा मला म्हणाले, "त्यांनी येक डाव तोंड उघडलं आसतं, तर मी इचार केला आसता. पर त्यो मानूस मागंल तर ना!"

अंतिम सामन्याच्या दिवशी तात्या एसटीने बारामतीला गेले. आम्ही बाद झाल्याने पुढे चाल मिळालेला बारामतीचा संघ जिंकला. ते कोणत्या बाजूच्या लोकांत उभे होते, हे मी विचारले नाही.

महादेवसाठी मात्र त्यांनी खेटे घातले. औद्योगिक वसाहतीतील एकेका गेटवर ते त्याच्यासोबत गेले. माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला एकदाही आले नाहीत. महादेव अखेरीस बायकोला घेऊन चाकणला गेला. जाताना तो मला भेटला आणि म्हणाला, "काका, त्यो दाखला तितं दाखवू का? कार्यरत हुतो म्हनून?" मी त्याला दाखव म्हटले. त्याने तो अजून पुठ्ठ्यांमध्येच ठेवला होता.

मी तात्यांची माफी मागितली का, असे वाचणाऱ्याच्या मनात येईल. दोन वेळा दुकानापर्यंत गेलो. दोन्ही वेळा गिऱ्हाईक होते. गिऱ्हाईक नसते तरी मी काही बोललो असतो, असे प्रतिज्ञेवर सांगू शकत नाही. ज्याच्या हातून हजारो माणसांचे म्हणणे कागदावर उतरले त्याला स्वतःचे एक म्हणणे मांडता आले नाही, हे मी येथे लिहितो आहे; पण लिहिणे मला नेहमीच सोपे गेले आहे.

त्यानंतर त्यांना मी एकदाच जवळून पाहिले. पावसाळा सरता सरता आबांचे काम निघाले म्हणून मी त्या जमिनीवर गेलो होतो. तारेचे कुंपण, फाटकाजवळ पत्र्याची खोली, आत पंधरा-वीस ट्रक ओळीने उभे. पलीकडच्या टोकाला दक्षिणेतल्या राज्यातून आलेला एक ट्रक मागच्या चाकांपर्यंत चिखलात रुतला होता, आणि चालकाने टायरवाल्याला बोलावून आणले होते. गोलाच्या तोंडाशी वर्षानुवर्षे पायांनी जमीन उकरली गेलेली असते. तेथेच तो ट्रक बसला होता. तात्या चाकाखाली फळी सरकवीत होते. त्यांचे केस फार पांढरे झाले होते.

"थोडं डावीकडनं घ्या, पावनं. उजवीकडं आजून खोल हाय. आता सरळ. सरळ. या."

ट्रक वर आला. तात्या पुढे चालत राहिले आणि चालकाला हाताने दाखवू लागले. येथे टणक आहे, येथे पाणी साचते, या कडेला उभा करा, पहाटे निघताना त्रास होणार नाही. त्या दोन एकरांत कोठे पाय रुततो आणि कोठे रुतत नाही, हे सांगत ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. चालक खाली उतरला, हात पुसत त्याने इकडेतिकडे पाहिले आणि तोडक्यामोडक्या मराठीत त्यांना विचारले, "काका, ही जमीन तुमची काय?"

"न्हाय," तात्या म्हणाले. "हितं यायचो मी, कधीमधी."

मी ट्रकच्या आडून फाटकाकडे वळलो.